डाव्या पावलावरची फुली

धंतोलीत, तिसऱ्या मजल्यावर,
मे महिन्याची रात्र. कूलर नुसता घरघरत होता.
दिवसभर प्यालेलं ऊन
भिंती अजून ओकत होत्या,
आणि बाबांचं डावं पाऊल गार.

उजवं नाही. डावंच.
दोन हातांत दोन पावलं धरून पाहिली,
मग हात बदलून पाहिली,
माझ्याच एखाद्या हातात खोट असेल म्हणून.

आमच्या घरी पोरीनं पाया पडायचं नसतं.
दिवाळीत वाकले की बाबा मागं सरायचे,
"तू नको वं, तुयेच आम्ही पडाचे असतेत."
चव्वेचाळीस वर्षांत त्यांचं पाऊल
पहिल्यांदा हातात आलं ते असं,
न सरकता.

खुबा सकाळीच बदलला होता.
फोटोत नवा गोळा वाटीत बसलेला,
खोटा वाटावा इतका गोल.
रात्रपाळीचा पोरगेला डॉक्टर म्हणाला,
"मणक्यातल्या भुलीचा असर आहे, उतरेल."
मी विचारलं, भूल दोन्ही पायांना दिली होती ना?
तो मोबाईल खिशात ठेवता ठेवता थांबला.

सिस्टर गेडाम आल्या.
ऑपरेशनच्या आधी त्यांनीच पावलावर
निळ्या पेनानं फुली मारली होती,
नाडी इथं लागते म्हणून.
फुलीवर दोन बोटं ठेवून
त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या,
पलीकडच्या खाटेवरचा खोकला थांबेपर्यंत.
फुली होती. तिच्याखाली काही नव्हतं.

मग जेल लावून मशीनची कांडी टेकवली.
उजव्या पायात सू-सट, सू-सट,
डाव्यात खरखर,
स्टेशन न लागलेल्या रेडिओसारखी.

बाबा जागेच होते.
एकोणतीस वर्षं महापालिकेत व्हॉल्व्हमन,
पहाटे साडेतीनला लोखंडी चावी खांद्यावर टाकून
बेझनबाग, इंदोरा, लष्करीबाग;
गड्ड्यात कान घालून सांगायचे, पाणी कुठवर आलं ते.
म्हणाले, "लाईन चोक झाली बाप्पा.
नवीन जोडतानी जुनी दबली असन."

कोणी हसलं नाही.
अर्ध्या तासानं धावत आलेल्या दुसऱ्या सर्जननं
औषधाच्या चिठ्ठीमागं जवळपास तेच चित्र काढलं:
जांघेतली धमनी, आत गुठळी, पुढं रेघ कोरी.
"सहा तास मिळतात," तो म्हणाला,
"गार कधीपासून आहे?"

पाच वाजता बाबा म्हणाले होते,
पाय कसातरीच लागते.
मी कूलरचं तोंड फिरवलं
आणि चादर ओढली पायांवर.
नीट, घोट्याखाली खोचून.

आता साडेनऊ.

"पाय गमवावा लागू शकतो" या छापील ओळीखाली
प्रज्ञा उद्धव मोटघरे.
नातं: मुलगी.
पेन सिस्टरचंच होतं, निळं.

पहाटे स्टीलच्या वाटीत त्यांनी ती दाखवली,
जांभळाच्या रंगाची, बोटभर, मऊ.
एवढीशीच.

पाय वाचला, असं आम्ही सगळ्यांना सांगतो.
पोटरीवर दोन लांब चिरा आहेत,
करंगळी काळी पडली, ती गेली,
पंजा वर उचलत नाही.
खुब्याचं पॅकेज होतं, धमनीचं नव्हतं;
त्यात माझ्या पाटल्या गेल्या, हेही सांगत नाही.

घरी नळाला आधी हवा येते, सू सू करत.
बाबा खाटेवरूनच म्हणतात, "आलं, गुंड लाव."
गुंड लावून मी त्यांच्या पायाशी बसते.
फुली आंघोळीत जाते, मी पुन्हा मारते.
बोट ठेवते. कधी लगेच लागते,
कधी गुंड भरून वाहू लागतो तरी मी शोधतच असते.

बाबा पाय मागं घेत नाहीत.
पंजा हलत नाही म्हणून असेल.
गुडघा तर हलतो.